कस्टम रॉमला मराठीत काय म्हणायचं? पत्रक छापायचंय

दांडियाबाजारी | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, घाईचं काम आहे. आमच्या मंडळाच्या खोलीत येत्या रविवारी जुने फोन घेऊन बसायचं ठरलंय. कंपनीचे अपडेट कधीच बंद झालेत पण फोन धडधाकट आहे, अशांत दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घालून द्यायची. पैसे घ्यायचे नाहीत. येणारे बहुतेक साठीच्या पुढचे, त्यामुळे पत्रक मराठीत आणि मोठ्या टायपात. अर्ध्या पानात जेमतेम बारा ओळी बसतात.

पहिली ओळ लिहिली: ‘आपल्या जुन्या मोबाइलमध्ये कस्टम रॉम बसवून मिळेल.’ वाचून आईने विचारलं, कस्टमवाल्यांनी पकडलेला माल का? तिथेच अडलोय. कस्टम रॉम, स्टॉक, फ्लॅश, बूटलोडर अनलॉक, रूट, ब्रिक, एवढ्यांना शब्द हवेत. शुक्रवारी छापायला द्यायचंय.

सुरसागरकाठचे काका | सोमवार, रात्री १०.०५

माझ्याकडे पोको एफ-१ आहे, २०१८ ला मुलाने घेऊन दिलेला. खोकं जपून ठेवलंय. त्यावर छापलंय, ६ जीबी रॅम, ६४ जीबी रॉम. तुम्ही रॉम बदलून देणार म्हणजे १२८ ची घालणार का? आणि जुनी ६४ ची परत मिळेल ना? नातवाच्या मुंजीचे फोटो त्यात आहेत.

दांडियाबाजारी | सोमवार, रात्री १०.१२

काका, नमस्कार. तुम्ही माझा पहिला शब्द एका फटक्यात बाद केलात. नाही, मेमरीला हात लावणार नाही. पण फोटो आधी काढून ठेवावे लागतील, ते मी स्वतः करून देईन.

शेवउसळ | सोमवार, रात्री १०.३०

कस्टम म्हणजे तरी काय, दर्जीकडे माप देऊन शिवलेलं. इथे माप कोण देतंय? इंटरनेटवरून जी फाइल मिळते ती मिळते. म्हणजे तो शब्दही खोटा, रॉमही खोटा. दोन खोट्यांचं लग्न लावून दिलंय.

परतपावली | मंगळवार, सकाळी ७.५०

रॉम हा शब्द नेहमीच खोटा नव्हता. त्याची हकीकत सांगते, कारण शब्द कुठून आला ते कळलं की सोडायला सोपं जातं. (दहा वर्षं पुण्यात हेच काम केलंय, आता बडोद्यात परत. नाव त्यावरूनच.)

अँड्रॉइडच्या आधी पॉकेट पीसी नावाचे, काडीने टिचकी मारायचे फोन होते. त्यात ऑपरेटिंग सिस्टीम रॉममध्ये असायची आणि तुमचे नंबर, नोंदी, सगळं रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत. बॅटरी पार उतरली की फोन कोरा. विंडोज मोबाइल ५ ही त्यांची नवी सिस्टीम आली, २००५ मध्ये, तेव्हा कुठे ही भानगड संपली. त्या काळात ओटू कंपनीचा एक्सडीए नावाचा फोन होता. तैवानच्या एचटीसीने बनवलेला. त्याच्यावर उद्योग करणाऱ्या लोकांनी इंटरनेटवर जो अड्डा काढला तोच पुढे एक्सडीए डेव्हलपर्स. फोन विस्मृतीत गेला, अड्ड्याला नाव राहिलं. तिथे लोक रॉम उघडून, नको ते काढून, हवं ते घालून पुन्हा बांधायचे. त्याला म्हणायचे रॉम शिजवणं. शिजवणारा तो शेफ आणि ज्या साधनांनी शिजवायचं ते किचन. खरंच हेच शब्द होते.

मग २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला, तोही एचटीसीचाच. तीच माणसं, तोच अड्डा, सवयीचा शब्द. रॉम म्हणजे फक्त वाचता येणारी मेमरी, हा अर्थ मागे पडला. आजच्या फोनमध्ये सिस्टीम आणि तुमचे फोटो एकाच फ्लॅश चिपमध्ये वेगवेगळ्या कप्प्यांत बसतात. सिस्टीमचा कप्पा चालू फोनला फक्त वाचता येतो एवढंच रॉमपण उरलंय. आणि दुकानदारांनी तोच शब्द उचलून अख्ख्या साठवणीला लावला. काकांच्या खोक्यावरचा ६४ तो.

म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ, दोन्ही चुकीचे, आणि दोन्ही आपल्या गिऱ्हाइकाला माहीत. पत्रकात रॉम नकोच.

शुद्धलेखक | मंगळवार, सकाळी ९.१५

प्रश्नच कुठे आहे? ऑपरेटिंग सिस्टीमला परिचालन प्रणाली म्हणतात. ती पर्यायी आहे. म्हणून पर्यायी परिचालन प्रणाली. संपलं.

शेवउसळ | मंगळवार, सकाळी ९.२१

‘पर्यायी परिचालन प्रणाली’ पाच वेळा भरभर म्हणून दाखवा. माझी जीभ तिसऱ्यालाच अडकली.

खांचावाला | मंगळवार, दुपारी २.३०

मी रावपुऱ्यात मरीमातेच्या खांच्यात मोबाइल रिपेरिंग करतो. सोळा वर्षं झाली. गल्ल्यावर येऊन आजवर एकाही माणसाने परिचालन प्रणाली मागितलेली नाही. कस्टम रॉमही नाही, कॉलेजची पोरं सोडली तर. लोक काय बोलतात ते सांगतो.

फोन चालू होतो आणि कंपनीच्या नावापाशी थांबतो, पुढे जात नाही. तुम्ही त्याला बूटलूप म्हणता. गिऱ्हाईक म्हणतं, लोगोवर अडकलाय. गुजराती गिऱ्हाईकही तेच म्हणतं, लोगो पर अटकी गयो छे. फोन अजिबात चालू होत नाही तेव्हा डेड. तुमचं ब्रिक म्हणजे वीट ना? वीट इथे कोणी म्हणत नाही. डेडमध्येही दोन जाती. केबल लावली की कॉम्प्युटरला दिसतो तो सॉफ्टवेअर डेड, दिसतच नाही तो पार डेड. पहिल्याचे पैसे सांगतो, दुसऱ्याला चहा पाजतो.

आणि नवीन सिस्टीम घालणं म्हणजे सॉफ्टवेअर मारणं. ‘सॉफ्टवेअर मारी आपो ने.’ मराठी माणूस येतो तो म्हणतो, भाऊ, सॉफ्टवेअर मारून द्या. फ्लॅश पण मारतात. रूट पण मारतात. आमच्या धंद्यात सगळं मारतातच, फोन मेला तरी बोलायची पद्धत तीच.

कंपनीने दिलेलं असेल ते कंपनीचं, दुसरं असेल ते बाहेरचं. एवढे शब्द मला सोळा वर्षं पुरलेत.

परतपावली | मंगळवार, दुपारी ३.०५

खांचावालेदादा, लाख मोलाचं लिहिलंत. ‘लोगोवर अडकला’ तसाच्या तसा घ्या, त्याच्याहून चांगला शब्द कुठल्याही भाषेत नाही. ‘कंपनीचं’ पण घ्या. ‘बाहेरचं’ मात्र जपून हं. माझ्या सासूबाईंना सांगितलं की फोनमध्ये बाहेरचं घातलंय, तर त्या आधी मीठ-मोहऱ्या शोधतील.

शेवउसळ | मंगळवार, दुपारी ३.११

फोनला बाहेरची बाधा. मध्यरात्री आपोआप व्हायब्रेट होतो. 😄

जुना वकील | मंगळवार, सायंकाळी ६.४०

बडोद्यात बसून शब्द शोधताय म्हणून एक आठवण करून देतो. हे काम या गावात एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश करवून घेतला, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु, १९३१ चा. एका बाजूला इंग्रजी शब्द, आणि त्याला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द शेजारी-शेजारी. वकिलीच्या सुरुवातीला मी तो हाताळलेला आहे, उचलायला दोन हात लागायचे.

मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे रचना. एकच शब्द माथी मारलेला नाही. सात दुकानांतला माल समोर मांडला, आता बघा आणि घ्या. तुम्हीही तसंच करा. खांचावाल्यांचा शब्द, शुद्धलेखकांचा शब्द, गुजराती शब्द, सगळे एका रांगेत ठेवा. आणि जो शब्द ऐकून अशिलाला कळेल की आपलं काय जाणार आहे आणि काय येणार आहे, तो घ्या. कागदावर सही करण्याआधी अशिलाला हे दोनच प्रश्न असतात.

एक मला सांगा. हे रूट म्हणजे नेमकं काय?

परतपावली | मंगळवार, रात्री ८.००

काका, युनिक्स नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सगळ्या फायलींचं झाड मानलं तर त्याचं मूळ म्हणजे रूट, आणि ज्याला त्या मुळापासून सगळीकडे हात घालता येतो त्या वापरकर्त्याचंही नाव रूट. फोन विकताना कंपनी हा अधिकार तुम्हाला देत नाही. तो मिळवणं म्हणजे रूट करणं. मिळाला की कुठलंही ॲप तुमच्या परवानगीने काहीही करू शकतं: वाचेल, पुसेल, बदलेल. आणि एक कायम होणारा घोळ इथेच मिटवू या. वेगळी सिस्टीम घालणं आणि रूट करणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लिनिएज नावाची अशी एक सिस्टीम आहे, ती नुसती घातली तर फोन रूट होत नाही.

जुना वकील | मंगळवार, रात्री ८.२५

मग याला आमच्याकडे शब्द आहे की. कुलमुखत्यारी.

माझ्या वतीने घर विकायचा, पैसे उचलायचा, दावा लावायचा, सगळा अधिकार दुसऱ्याच्या हाती दिला की तो कुलमुखत्यार. फोन रूट करून एखाद्या ॲपला परवानगी दिली म्हणजे त्याला कुलमुखत्यारपत्र लिहून दिलं.

परतपावली | मंगळवार, रात्री ८.२७

वकीलकाका, साष्टांग.

दांडियाबाजारी | मंगळवार, रात्री ९.५०

लिहून घेतलं. मूळ प्रश्न अजून तसाच: त्या वस्तूला काय म्हणायचं? ‘पर्यायी’ म्हणावं तर आणखी एक पेच आहे. कशाला पर्यायी? लिनिएजओएस हे अँड्रॉइडच आहे. ग्राफीनओएस, जे फक्त गूगलच्या पिक्सेल फोनवर चालतं, तेही अँड्रॉइडच. गूगलने जो मूळ कोड खुला ठेवलाय, एओएसपी, त्यावरच दोन्ही उभी. २०२३ मध्ये भारओएसचा गाजावाजा झाला, आयआयटी मद्रासच्या छत्राखालचा, तोही त्याच मुळावर. उलट सेलफिश, उबंटू टच, पोस्टमार्केटओएस हे अँड्रॉइड नाहीतच. या सगळ्यांना एका पर्यायीत कोंबलं की माणूस विचारणार, माझं व्हॉट्सॲप चालेल का, आणि मी म्हणणार, पर्यायावर अवलंबून आहे.

मांडवीची मैना | बुधवार, सकाळी ६.३०

मी गाण्याची माणूस, फोनमधलं फार कळत नाही. पण तुम्ही जे वर्णन करताय त्याला आमच्यात घराणं म्हणतात. राग तोच, मांडणी निराळी. आग्रा घराण्याचा यमन आणि किराण्याचा यमन ऐकून बघा, स्वर तेच असतात. फैयाज खाँसाहेबांच्या गावात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.

परतपावली | बुधवार, सकाळी ८.१०

मैनाताई, तुम्हाला कल्पना नसेल तुम्ही काय केलंत. लिनिएज या इंग्रजी शब्दाचा अर्थच वंशपरंपरा, घराणं! आणि ते नाव उगाच नाही. आधी सायनोजेनमॉड होतं, २००९ पासूनचं. त्याचा कारभार पुढे एका कंपनीच्या हातात गेला आणि तिने २०१६ च्या डिसेंबरात गाशा गुंडाळला. तेव्हा स्वयंसेवकांनी तोच कोड पुढे चालू ठेवला आणि नाव घेतलं लिनिएज. गुरू गेले, गायकी राहिली.

घराणं शब्दाने दांडियाबाजारींचा पेचही सुटतो. अँड्रॉइड घराणं आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या खुल्या लिनक्सचं घराणं, अशी दोन मोठी. (अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे, ठाऊक आहे, कोणी भांडायला येऊ नका. नात्याने चुलत, पण स्वयंपाक वेगळा.) जिओफोन ज्यावर चालायचा ते काइओएस फायरफॉक्स ओएसच्या घराण्यातलं. २०१४ मध्ये आपल्याकडे दोन हजार रुपयांत फायरफॉक्सचे फोन मिळत होते, कोणी टिकवले नाहीत. तेच घराणं तीन वर्षांनी जिओफोनच्या रूपाने घराघरात आलं आणि कोणाला पत्ताही नाही.

काकांच्या पोको एफ-१ मध्ये दोन्ही घराणी जातात, म्हणून तो फोन मला आवडतो. लिनिएज घातलं तर तो रोजच्या वापराचा फोन राहतो. माझ्याकडच्या तशाच फोनमध्ये पोस्टमार्केटओएस घालून पाहिलं, तर हातात एक छोटा लिनक्स कॉम्प्युटर आला, मजा आली, पण कॅमेऱ्याच्या नावाने शिमगा आणि जिओवर कॉल लागेना. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, बोलणंही फोरजीवरून जातं, आणि तो मार्ग त्या सिस्टीमला जमला नाही.

शुद्धलेखक | बुधवार, सकाळी ९.००

घराणे ठीक. पण ‘घराणे बसवून मिळेल’ असे लिहिणार काय?

रोपवाटिका पादरा रोड | बुधवार, दुपारी १२.१५

बसवायचं कशाला, बांधायचं. कलम बांधतात.

आमचा धंदा रोपांचा. आंब्याचं कलम करताना खाली गावठी कोयीचं रोप असतं, त्याला खुंट म्हणतो. त्यावर हापूस नाही तर केसरची काडी बांधायची. मुळं खुंटाची, फळ काडीचं. परतपावलींनी मागे कुठल्याशा धाग्यात लिहिलं होतं की लिनिएज घातलं तरी कॅमेरा, मोडेम वगैरे चालवणारे कंपनीचे, कोड गुप्त ठेवलेले तुकडे तसेच खाली ठेवावे लागतात. मग हे कलमच झालं. आणि फोनच्या मूळ सॉफ्टवेअरला इंग्रजीत स्टॉक म्हणतात ना? कलमाच्या खुंटालाही इंग्रजीत स्टॉकच म्हणतात. आमच्या बियाण्यांच्या पुस्तकात रूटस्टॉक असं छापलेलं असतं. आता बोला.

प्रत्येक कलम प्रत्येक खुंटावर जगत नाही, हेही जमतं बघा. चिकूचं कलम रायणीच्या खुंटावर बांधतात, आंब्यावर बांधून चालत नाही.

परतपावली | बुधवार, दुपारी १२.४०

मला दोन मिनिटं काही सुचलं नाही.

हो. प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी फाइल लागते ती याचसाठी. नावात एक ‘प्रो’ इकडचा तिकडे झाला की दुसऱ्याच झाडाची काडी. आणि पोस्टमार्केटओएसवाल्यांचा आटापिटा नेमका उलट आहे. कंपनीच्या जुनाट खुंटावर राहायचंच नाही, मुळासकट आपलं झाड वाढवायचं. २०१७ ला सुरू करताना त्यांनी फोन दहा वर्षं चालावा असं ध्येय ठेवलं होतं. कॅमेरा रुसतो त्याचं कारणही तेच, तो खुंटाच्या गुपितावर चालतो.

शेवउसळ | बुधवार, दुपारी १.०२

‘कलम’ वाचून वकीलकाकांना भारतीय दंडविधान आठवेल आणि हिंदी शाळेतल्या पोरांना पेन. तरी माझं मत कलमाला. ‘कलमी फोन’. छान वाटतं, हंगामात वजनावर मिळेल असं.

शुद्धलेखक | बुधवार, दुपारी १.४०

मान्य करतो, कलम माझ्या शब्दापेक्षा बरा आहे. मात्र कागदोपत्री परिचालन प्रणालीच राहील.

खांचावाला | बुधवार, रात्री ९.३०

शब्द गोड आहेत, पण दोन गोष्टी पत्रकात नसतील तर शिव्या मला पडतील. मंडळ रविवारी कुलूप लावून घरी जातं, सोमवारी लोक माझ्याकडे येतात.

पहिली, कुलूप. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टीमला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, कंपनीने कुलूप लावून ठेवलेला असतो. तो खोलल्याशिवाय काही घालता येत नाही, आणि तो खोलला की फोन पूर्ण पुसला जातो. फोटो, नंबर, सगळं.

दुसरी, बँक. माझ्या स्वतःच्या फोनचं सांगतो. गेल्या वर्षी लिनिएज घातलं, झकास चाललं, बॅटरी दीड दिवस. तिसऱ्या दिवशी वीजबिल भरायला बँकेचं ॲप उघडलं तर म्हणे, हे उपकरण सुरक्षित नाही. बंद. शाखेत गेलो, तिथल्या मुलीने फोन उलटा-सुलटा करून विचारलं, पडला होता का? बँकेचं नाव सांगत नाही, माझं कर्ज आहे तिथे.

परतपावली | बुधवार, रात्री १०.१०

दादांचं खरं आहे. कारण असं, की ॲप गूगलला विचारतं, हा फोन कंपनीने दिला तसाच आहे का? प्ले इंटेग्रिटी म्हणतात त्या तपासणीला. कुलूप उघडं दिसलं की उत्तर नाही असं येतं. म्हणजे आठ वर्षांपूर्वीपासून सुरक्षेचा एकही अपडेट न मिळालेला कंपनीचा फोन ‘सुरक्षित’, आणि ताज्या अपडेटचा कलमी फोन ‘असुरक्षित’. या दोन शब्दांवर वेगळा धागा निघेल. पिक्सेलवर ग्राफीन घालून कुलूप परत लावता येतं, पण पिक्सेल घेऊन मंडळात कोण येणार?

आणि बूटलोडर. इंग्रजीतला तो बूट म्हणजे पायातलाच. बुटाला मागे जो पट्टा असतो तो धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, अशी त्यांच्याकडची कल्पना, त्यावरून बूटस्ट्रॅप, त्यावरून बूट. सकाळी फोन स्वतःला गादीवरून उठवतो ती क्रिया. पण पत्रकात दादांचं कुलूपच ठेवा, फार छान आहे.

सुरसागरकाठचे काका | गुरुवार, सकाळी ६.१५

सगळं वाचलं. बँकेचं ॲप मी वापरत नाही, पासबुक भरून आणतो. फोन मला भजनं ऐकायला, मुलाशी बोलायला आणि हा फोरम वाचायला लागतो. माझ्या ६४ ला धक्का लागणार नसेल तर कलम बांधा.

दांडियाबाजारी | गुरुवार, रात्री ११.२०

मसुदा टाकतोय, बघा:

जुना फोन, नवं कलम.
कंपनीने ज्या फोनकडे बघणं सोडलं, त्यात अँड्रॉइड घराण्यातली दुसरी, ताजी सिस्टीम घालून मिळेल. मूल्य नाही.
फोनचं कुलूप उघडावं लागतं. उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटो आणि नंबर आधी काढून ठेवू.
बँकेची आणि पैसे पाठवायची ॲप नंतर चालतीलच असं नाही. ज्यांना ती रोज लागतात त्यांनी हा फोन आणू नये.
प्रत्येक मॉडेलला कलम मिळतंच असं नाही. खोकं असल्यास सोबत आणा.
फोन लोगोवर अडकला असेल तरी आणा, बघू.
कुलमुखत्यारी आम्ही देत नाही.

जुना वकील | गुरुवार, रात्री ११.३५

शेवटची ओळ माझ्या लेटरहेडवर शोभेल. छापा.

दांडियाबाजारी | रविवार, रात्री १०.००

पहिल्या रविवारचा वृत्तांत. एकाही फोनला कलम बांधलं गेलं नाही.

अकरा जण आले. सहा फोनांना कलमच उपलब्ध नव्हतं. दोघांना बँकेची ओळ वाचून दाखवली तसे ते फोन खिशात घालून चहाकडे वळले. उरले तिघे, काका धरून. काकांच्या फोनचं कुलूप उघडायला गेलो तर कॉम्प्युटरवर आलं, १६८ तासांनी या. सात दिवस नाही लिहिलेले, १६८ तास. फोनला कंपनीचं खातं जोडल्यापासून तेवढा वेळ थांबावं लागतं हे मला ठाऊक होतं आणि मी विसरलो. परतपावलींनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते इथे लिहिता येत नाही.

गंमत पत्रकाची. ‘कलम’ला लोक हसले आणि लगेच समजले. ‘घराणं’ एका आजींनीच उचललं. आपला फोन पुढे करून विचारलं, याचं घराणं कुठलं? सगळ्यात जास्त काम कुलमुखत्यारीने केलं. निवृत्त मामलेदार आहेत एक, ते म्हणाले, नकोच, भावाला एकदा दिली होती, पादऱ्याची जमीन गेली. रूट म्हणजे काय हे मी गेली पाच वर्षं लोकांना समजावतोय, इतक्या लवकर कोणालाच पटलं नव्हतं.

खांचावाला | रविवार, रात्री १०.२०

सोमवारी माझ्याकडे कोणी आलं नाही तर पत्रक यशस्वी.

दांडियाबाजारी | पुढचा रविवार, सायंकाळी ७.३०

१६८ तास भरले. मुंजीचे फोटो पेनड्राइव्हवर, दुसरी प्रत काकांच्या सूनबाईंकडे. कुलूप उघडलं, फोन पुसला गेला, चालू होताना कंपनीच्या नावाखाली उघड्या कुलपाचं बारीक चित्र दिसायला लागलं. ते कायम दिसणार, हे काकांना आधीच सांगितलं होतं. मग लिनिएज घातलं. पहिल्यांदा चालू होताना गोल फिरत राहिलं, खोलीत एक जण बोलेना. काका जपमाळ काढून बसले होते. मग भाषा निवडायचं पान आलं आणि काकांनी स्वतः मराठी निवडली.

जिओवर पहिला कॉल लागला तो मुलाला. ‘अरे, कलम जगलं’ एवढंच बोलले.

सुरसागरकाठचे काका | पुढचा रविवार, रात्री ९.४५

सर्वांचे आभार. फोन हलका चालतो. भजनं लागतात. एकच शंका. घरी येऊन सेटिंगमध्ये मोजलं. ६४ पैकी बरेच आधीच भरलेले दाखवतोय आणि मी तर अजून काहीच ठेवलेलं नाही. बाकीचे कोणी घेतले?

शेवउसळ | पुढचा रविवार, रात्री ९.४७

काका, नवा धागा काढा.